लाख माणसांचा हिशेब

माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. कोणी दिवसरात्र न झोपता, सेकंदाला एक या गतीने त्या मोजायला बसलं, तर मोजणी संपायला 2,725 वर्षं लागतील. गौतम बुद्धांच्या जन्माआधी सुरू केलेली मोजणी आज कुठे संपत आली असती, आणि तीही एकाच माणसाच्या मेंदूची.

हा पसारा बिघडला की दवाखान्याच्या कागदावर तो एका लहानशा आकड्यात मावतो. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस आला की डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. त्यावरून गुण मिळतात, कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15. ही ग्लासगो कोमा स्केल 1974 साली टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी मांडली. मन खचलेल्या माणसाला नऊ प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भूक लागली का, कशात रस वाटला का, जगणं नकोसं झालं का? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, बेरीज 0 ते 27. या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-9. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की नैराश्याची शंका धरतात.

86 अब्ज पेशींचं दुःख 27 पर्यंतच्या आकड्यात बसवणं अन्यायाचं वाटेल. तरीही मला हे लहान आकडे मोलाचे वाटतात. सरकार योजना आखतं, संस्था प्रकल्प चालवतात, पैसा खर्च होतो. त्यातून माणसं बरी झाली का, हे या आकड्यांशिवाय कळायला मार्ग नाही.

मारेगाव का

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 होती. मारेगाव हा त्यातला एक लहान तालुका. एका अंगाला वर्धा नदी, शिवारात कापूस, डोंगराकडे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आणि मधून करंजीकडून वणीच्या कोळसा पट्ट्याकडे जाणारा रस्ता. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या तालुक्याचं नाव मराठी वाचकाने अनेकदा वाचलेलं आहे. मन खचण्याचा धोका आणि रस्त्यावर डोकं फुटण्याचा धोका, दोन्ही इथे एकाच घराच्या दाराशी उभे असतात. दोघांसाठी मदत मात्र लांब आहे.

देशपातळीवरचे आकडे ऐकून डोकं गरगरतं आणि माणूस पुढे वाचणं सोडतो. म्हणून हिशेब तालुक्याच्या मापाने करू. मारेगावसारखा एक ग्रामीण तालुका घेऊ आणि सोपं जावं म्हणून त्यात एक लाख माणसं धरू. त्यातले सत्तर हजार प्रौढ.

देशाचा आकडा

आधी मोठं चित्र. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. देशात सुमारे 15 कोटी लोकांना मानसिक आजारासाठी उपचारांची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. महाराष्ट्राची 2011 ची संपूर्ण लोकसंख्या 11.24 कोटी होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची सगळी माणसं एका रांगेत उभी केली, तरी उपचार हवे असणाऱ्यांची रांग त्याहून लांब भरेल.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर किती? देशात सुमारे 9,000 मानसोपचारतज्ज्ञ, लाख लोकसंख्येमागे 0.75. 15 कोटींना 9,000 ने भागलं की एका डॉक्टरच्या वाट्याला साडेसोळा हजारांहून जास्त रुग्ण येतात. प्रत्येकाला वर्षातून एक तास द्यायचा म्हटलं, तरी साडेसोळा हजार तास लागतील. अख्ख्या वर्षात असतात 8,760 तास. डॉक्टरने झोप, जेवण, घरदार सगळं सोडलं तरी निम्म्याहून थोडेच जास्त रुग्ण पाहून होतील.

या सर्वेक्षणात देशातली 12 राज्यं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेतकरी आत्महत्यांच्या राष्ट्रीय नोंदींत वर्षानुवर्षं अग्रभागी असलेलं राज्य मनाच्या राष्ट्रीय मोजणीतून बाहेर राहिलं, याची मला खंत वाटते. सुदैवाने विदर्भात एका प्रकल्पाने गावोगाव जाऊन ही मोजणी केली.

तीस गावं, दोन मोजण्या

प्रकल्पाचं नाव ‘विश्राम’, म्हणजे विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम. अमरावती जिल्ह्यातली 30 गावं त्यासाठी निवडली होती. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2017 साली ‘द लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात मांडले. पद्धत साधी होती. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण द्यायचं. त्यांनी घरी, ओट्यावर, बैठकीत ताणाबद्दल बोलायचं. ज्याला गरज आहे त्याला समुपदेशकाकडे न्यायचं आणि अगदी गंभीर असेल त्यालाच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सुरुवातीला एकदा आणि 18 महिन्यांनी पुन्हा एकदा, प्रत्येक वेळी हजाराहून अधिक प्रौढांना तेच प्रश्न विचारले गेले.

पहिल्या मोजणीत 14.6 टक्के प्रौढांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली. आपल्या लाखाच्या तालुक्याला हे प्रमाण लावलं तर सुमारे 10,200 माणसं होतात. त्यांच्यापैकी कुठल्याही आरोग्यसेवेपर्यंत पोहोचले होते 4.3 टक्के, म्हणजे 440 जण. उरलेले पावणेदहा हजार कुणाच्याही नोंदीत नाहीत. ते शेतात जातात, पऱ्हाटी वेचतात, लेकरांना शाळेत सोडतात, रात्री छताकडे बघत पडून राहतात.

दुसऱ्या मोजणीत हेच 4.3 टक्के 27.2 टक्के झाले होते. नैराश्याचं प्रमाण 14.6 वरून 11.3 टक्क्यांवर आलं. मागच्या बारा महिन्यांत जगणं संपवण्याचा विचार मनात आला, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर उतरलं. लाखाच्या तालुक्यात याचा अर्थ असा: आधी 3,640 प्रौढांच्या मनात तो विचार येऊन जात होता, नंतर 1,750 जणांच्या. फरक जवळपास एकोणीसशे माणसांचा. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावाएवढी माणसं.

या यशाला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. ‘विश्राम’मध्ये आधी आणि नंतर अशा मोजण्या झाल्या. पण जिथे प्रकल्प नव्हता अशा शेजारच्या तीस गावांची मोजणी सोबत नव्हती. दरम्यान पाऊस चांगला झाला असेल, कापसाला भाव मिळाला असेल, तर त्याचाही वाटा या घटीत असू शकतो. सेवेपर्यंत पोहोचणारे लोक सहापट झाले, त्याचं श्रेय मात्र हंगामाला देता येत नाही. चांगला पाऊस कुणाला समुपदेशकाकडे घेऊन जात नाही.

एक डॉक्टर की शंभर आशाताई

लाखाच्या तालुक्यात नैराश्याने ग्रासलेले दहा हजार आणि मानसोपचारतज्ज्ञ एकापेक्षाही कमी. तो पूर्ण एक धरू, प्रत्येक रुग्णाला वीस मिनिटांच्या सहा भेटी देऊ. साठ हजार भेटी, वीस हजार तास. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस काम केलं तरी शेवटच्या माणसाचा नंबर आठ वर्षांनंतर लागेल. राज्यातल्या पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून 5,695 खाटा आहेत. लाख माणसांच्या वाट्याला पाच खाटा येतात. दहा हजारांच्या दुःखावर ही वाट नाही.

आता दुसरा हिशेब. सर्वसाधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. म्हणजे लाखामागे शंभर आशाताई. दहा हजार माणसं त्यांच्यात वाटली तर एकीच्या वाट्याला शंभर. प्रत्येकासोबत सात बैठकी घ्यायच्या तर सातशे बैठकी. रोज दोन घेतल्या तर 350 दिवस. आठ वर्षांचं काम एका वर्षात येतं. शिवाय ज्यांना नैराश्याची लक्षणं आहेत त्या सगळ्यांनाच सात बैठकी लागत नाहीत. काहींना एकदोनदा मन मोकळं करणं पुरतं.

कागदावर हा हिशेब सुंदर दिसतो. प्रत्यक्षात त्याच आशाताईवर गरोदर बाईची नोंद, बाळाची लस, क्षयरोगाची गोळी, हिवतापाचा रक्तनमुना आणि निरनिराळी सर्वेक्षणं असतात. तिला पगार नाही, कामामागे मोबदला मिळतो. तिच्यावर रोज दोन माणसांच्या काळजाचं ओझं टाकायचं असेल, तर त्या वेळेचे पैसे आणि तिच्या स्वतःच्या मनासाठी आधार योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलेला असला पाहिजे. ‘विश्राम’ने समुपदेशनासाठी वेगळी माणसं नेमली होती. त्याच्या यशाचं एक कारण हेच असावं, असं मला वाटतं.

राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ 2015 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आहे आणि यवतमाळ त्यातलाच. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं ओळखायची आणि पुढे दवाखान्यात पाठवायची, अशी त्याची रचना आहे. रचना योग्य आहे. आता पुढचे प्रश्न: ओळखले किती, पोहोचले किती, बरे झाले किती?

तुलना कशी करायची

‘बरे झाले किती’ या प्रश्नात एक मोठी फसगत लपलेली असते. ती गोव्यातल्या एका अभ्यासातून नीट दिसते. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 रुग्णांवर एक उपचार तपासला. डॉक्टरी पदवी नसलेले, थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक सहा ते आठ बैठकी घेत. माणसाने सोडून दिलेली कामं, भेटीगाठी, आवडी हळूहळू परत सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के बरे झाले होते.

ही बातमी इथे थांबली असती तर ‘शंभरातले चौसष्ट बरे’ असा मथळा झाला असता. पण ज्यांना या बैठकी मिळाल्या नव्हत्या, फक्त थोडी सुधारलेली नेहमीची सेवा मिळाली होती, त्या दुसऱ्या गटातलेही 39 टक्के बरे झाले होते. नैराश्य अनेकदा आपोआप ओसरतं. म्हणून प्रकल्पाची खरी कमाई 64 वजा 39, म्हणजे 25. चार जणांना बैठकी दिल्या की एक जास्तीचा माणूस बरा होतो. वैद्यकशास्त्रात हा फार चांगला निकाल मानतात. दुसरा गट नसता तर ही पंचवीस आणि ती एकोणचाळीस वेगळी कधीच काढता आली नसती.

गोव्यातच त्याआधी ‘मानस’ नावाचा आणखी मोठा अभ्यास झाला होता. 24 दवाखाने, 2,796 रुग्ण, निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत समुपदेशकांची मदत मिळालेल्या गटातले 65.9 टक्के सावरले, न मिळालेल्या गटातले 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत फरकच दिसला नाही. तोच कार्यक्रम, तेच प्रशिक्षण, तेच राज्य. जागा बदलली आणि निकाल बदलला.

मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्याचा धडा याच्याशी जुळतो. ‘प्राइम’ हा पाच देशांत चाललेला प्रकल्प. भारतात त्यासाठी सीहोर निवडला होता आणि तिथेही डॉ. शिधये काम करत होते. तिथे सेवा मुख्यतः सामुदायिक आरोग्य केंद्रात उभी केली. केंद्रात आलेल्यांना ती मिळाली. पण गावात नैराश्य असलेल्यांपैकी सेवेपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. अमरावतीत कार्यकर्ते गावातच होते आणि तिथे ते सहापट झालं. मारेगावसारख्या तालुक्यासाठी मला यातून एकच अर्थ दिसतो. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराची ओपीडी सुरू करणं चांगलंच, पण पोडावरचा, धुऱ्यावरचा माणूस त्यामुळे आपोआप तिथे येत नाही.

कुणाला मोजायचं

विदर्भात या विषयाचं बोलणं शेतकऱ्यापासून सुरू होतं आणि बरेचदा तिथेच संपतं. त्याला इतिहास आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाच्या आत्महत्येला 19 मार्च 1986 ही तारीख आहे आणि दर वर्षी त्या दिवशी राज्यभर अनेक जण अन्नत्याग करून ती आठवण जागवतात. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्रात त्या वर्षी 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, दिवसाला 62. त्यातल्या शेतीशी संबंधित 4,248, दिवसाला जवळपास 12. शेतीशी संबंधित मृत्यूंत देशातला प्रत्येक तिसरा महाराष्ट्रातला, ही आपली जखम आहेच. पण उरलेले 18,498 लोक कोण? विद्यार्थी, गृहिणी, रोजंदार, दुकानदार, बेकार तरुण. फक्त सातबारा नावावर असलेल्यांसाठी आखलेला कार्यक्रम पाचातल्या चारांना दारातच सोडून देतो.

सरकारी नोंदीची रीतही पाहण्यासारखी आहे. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा या निकषांवर एखादं प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. ती मदत त्या घराला हवीच. पण ही मोजणी मृत्यूनंतर सुरू होते. ‘विश्राम’ची मोजणी सुरू झाली ती विचार मनात येत होता तेव्हा, जेव्हा 3,640 माणसं जिवंत होती आणि त्यांच्याशी बोलता येत होतं.

डोक्याला मार

आता मेंदूच्या दुसऱ्या संकटाकडे. जगात दर वर्षी किती लोकांच्या मेंदूला इजा होते? 2018 सालचा एक नावाजलेला अंदाज 6.9 कोटींचा आहे. दुसरा, 2016 सालासाठीचा, तितकाच नावाजलेला अंदाज 2.7 कोटींचा. दोन अंदाजांतलं अंतर 4.2 कोटी माणसांचं. पहिला खरा धरला तर सेकंदाला दोन डोकी, दुसरा खरा धरला तर सव्वा सेकंदाला एक. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. जे लोक थोडी चक्कर येऊन, उलटी करून, डोक्याला फडकं बांधून घरी गेले, त्यांची नोंद कुठेच होत नाही. त्यांना कसं धरायचं यावरच आकडा फुगतो किंवा आटतो.

देशातल्या रस्त्यांचा आकडा त्यामानाने पक्का आहे. 2022 मध्ये 1,68,491 माणसं अपघातांत गेली. दिवसाला सुमारे 462, दर तीन मिनिटांना एक. त्यातली 50,029 माणसं दुचाकीवर हेल्मेटशिवाय होती. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी घटतो. ढोबळ गुणाकार केला तर एकवीस हजार जीव, एका वर्षात, एका टोपीने.

उपचारांची तुलना किती मोठ्या प्रमाणावर करावी लागते, याचं सगळ्यात धक्कादायक उदाहरण याच क्षेत्रातलं आहे. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. स्टेरॉइड सूज उतरवतात. म्हणून अनेक वर्षं जगभर डॉक्टर अशा रुग्णांना स्टेरॉइड देत होते. तर्क बिनचूक वाटत होता. मग ‘क्रॅश’ नावाचा अभ्यास झाला. 49 देश, 239 रुग्णालयं, 10,008 रुग्ण. अर्ध्यांना स्टेरॉइड, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा. 2004 साली निकाल आला: स्टेरॉइड न मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत 17.9 टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के. औषध माणसं वाचवत नव्हतं, मारत होतं. दर 31 रुग्णांमागे एक जास्तीचा मृत्यू.

हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? उत्तर आकड्यांतच आहे. एखाद्या रुग्णालयाने शंभर रुग्णांना स्टेरॉइड दिलं तर अठराऐवजी एकवीस दगावतील. तीन जणांचा फरक. कुठल्याही डॉक्टरला, कितीही अनुभवी असला तरी, तो नशिबाचा भाग वाटेल. दहा हजार माणसं एकत्र पाहिल्यावरच तो फरक उघडा पडतो. चांगला हेतू, चांगला तर्क आणि मोठा अनुभव हे तिन्ही एकत्र येऊनही चूक दिसली नाही, ती मोजणीने दाखवली. मनाच्या आरोग्याच्या कार्यक्रमांनाही मी हीच कसोटी लावतो. चांगल्या हेतूने केलेलं काम निरुपद्रवी असतंच, असं गृहीत धरायला कुणालाच अधिकार नाही.

त्याच परंपरेतल्या ‘क्रॅश-3’ अभ्यासाने 2019 मध्ये आशेची बाजू दाखवली. 29 देशांतल्या 175 रुग्णालयांत 12,737 रुग्णांवर ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं, जुनं आणि स्वस्त औषध तपासलं गेलं. सौम्य ते मध्यम इजा असलेल्यांना ते पहिल्या तीन तासांत मिळालं तेव्हा डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू 7.5 वरून 5.8 टक्क्यांवर आले. तीन तास ही इथली खरी सीमा आहे. मारेगावहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. 108 ची गाडी येणं, ग्रामीण रुग्णालयात नेणं, मग पुढे पाठवणं, यात ते तीन तास वाटेतच संपतात. म्हणून तालुक्याच्या कार्यक्रमाचं मोजमाप ‘किती रुग्ण पुढे पाठवले’ हे असू नये. ‘अपघातापासून पहिल्या उपचारापर्यंत किती मिनिटं गेली’ हे असावं.

दोन संकटं, एकच माणूस

मन आणि मेंदूचे विभाग दवाखान्यात वेगळ्या मजल्यांवर असतात. माणसात ते वेगळे नसतात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये मेंदूच्या इजेने रुग्णालयात दाखल झालेल्या 559 जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यातल्या 53 टक्क्यांना त्या वर्षात कधी ना कधी तीव्र नैराश्याने गाठलं. त्यांच्यापैकीही निम्म्यांहून कमी लोकांना त्यासाठी उपचार मिळाले. जखम भरली, टाके निघाले, सुट्टी झाली. घरी आलेला माणूस चिडतो, विसरतो, गप्प बसतो, कामावर जात नाही. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. कुणी त्याला नऊ प्रश्न विचारत नाही.

डेन्मार्कने हा प्रश्न सगळ्यात मोठ्या पटावर मांडला. 1980 ते 2014 या काळात त्या देशात राहिलेल्या 74 लाख माणसांच्या नोंदी संशोधकांनी जोडल्या. प्रत्येकाच्या नोंदीची वर्षं मिळवली तर बेरीज 16.4 कोटी वर्षांची भरते. वणी-झरीच्या परिसरात जो काळा बेसाल्ट खडक दिसतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या वयाच्या अडीचपट वर्षांचं मानवी आयुष्य या एका अभ्यासात वाचलं गेलं. निष्कर्ष असा निघाला की ज्यांनी कधी मेंदूच्या इजेसाठी उपचार घेतले होते, त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. हे शक्य झालं कारण तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि दवाखान्याची नोंद त्या क्रमांकाला आयुष्यभर चिकटून राहते. मारेगावच्या अपघातग्रस्त तरुणाचा एक कागद ग्रामीण रुग्णालयात, दुसरा वणीत, तिसरा नागपुरात असेल, तर त्याच्या मनाचं पुढे काय झालं हे सांगणारा चौथा कागद तयारच होत नाही.

सल्ला आणि कायदा

तुलना फक्त उपचारांची करून भागत नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण 1995 नंतर तीन-चतुर्थांशाच्या जवळपास घटलं. 2015 पर्यंतच्या वीस वर्षांत त्यामुळे 93,000 जीव वाचले, असा संशोधकांचा अंदाज आहे. यासाठी एकही समुपदेशक लागला नाही. यवतमाळला या विषांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. 2017 च्या हंगामात जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. दुकानात काय विकलं जातं याचा निर्णय मनाच्या आरोग्याचाही निर्णय असतो. कायदा आणि सल्ला दोन्ही हवेत, आणि दोघांचा हिशेब एकाच वहीत हवा.

तालुक्याने विचारायचे पाच आकडे

कुठलीही योजना, सरकारी असो की संस्थेची, मारेगावात आली की तिला पाच आकडे विचारायचे. एक, तालुक्यात गरज किती जणांना आहे? दोन, त्यातल्या किती जणांपर्यंत तुम्ही पोहोचलात? तीन, पोहोचलेल्यांपैकी किती जण बरे झाले, आणि सहा महिन्यांनीही बरे होते का? चार, तुम्ही आला नसता तरी किती जण बरे झाले असते? पाच, एका जास्तीच्या बऱ्या झालेल्या माणसामागे किती खर्च आला? घेतलेली शिबिरं, वाटलेली पत्रकं, लावलेले फलक, प्रशिक्षणाला हजर असलेल्यांच्या सह्या, यातलं काहीही या पाचांचं उत्तर नाही.

चौथा आकडा सगळ्यात अवघड, पण अशक्य नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या 41 गावांत सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा कार्यक्रम पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या 645 गावांत नेला, तेव्हा तो सगळीकडे एकाच दिवशी सुरू केला नाही. गावांचे गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रम ठरवून तो टप्प्याटप्प्याने नेला. ज्यांची पाळी अजून यायची होती ती गावं तुलनेसाठी उपयोगी पडली आणि शेवटी सेवा प्रत्येक गावाला मिळाली. कुणालाही वंचित न ठेवता खरा हिशेब मिळवण्याची ही रीत मारेगावात सहज वापरता येईल. तालुक्यातली गावं एकदम घेणं तसंही कुठल्याच यंत्रणेला जमत नाही. क्रम चिठ्ठीने ठरवला, आणि प्रत्येक टप्प्याआधी सगळ्या गावांत तेच नऊ प्रश्न विचारले, तर दोन वर्षांत या तालुक्याकडे असा पुरावा असेल, जो महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांकडे आहे.

हे विचारण्याच्या जागा आजही आहेत. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे, ग्रामसभा आहे. आणि ज्याला आजच बोलायची गरज आहे त्याला हिशेब पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सेवा सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

लाखाच्या तालुक्यात दहा हजार माणसं खचलेली आहेत, हे ऐकून हात गळून जावेत असं मला वाटत नाही. शेजारच्या अमरावतीने दाखवून दिलं आहे की त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. गोव्याने दाखवलं आहे की चार जणांसोबत बसलं तर एक जास्तीचा माणूस सावरतो. दहा हजारांना हे मिळालं तर अडीच हजार. मारेगावच्या पुढच्या ग्रामसभेत कोणी उठून हा अडीच हजारांचा आकडा मांडावा आणि त्यातले किती झाले, हे दर वर्षी विचारत राहावं.